जुनी मसल कार घ्यायचीय? आधी तिचे आकडे नीट वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही डेट्रॉइटजवळ राहता, दारात व्ही६ कॅम्री आहे आणि ती शून्यापासून ताशी साठ मैलांचा वेग सहा सेकंदांच्या आत गाठते. शेव्हर्ले, म्हणजे शेव्ही, कंपनीच्या १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ या मसल कारबद्दल वाचलं, तर इंजिन ४५० हॉर्सपॉवरचं आणि साठ मैलांना लागणारा वेळ मात्र सहाच्याच आगेमागे. मग कॅम्रीपेक्षा जास्तीचे दीडशे हॉर्सपॉवर गेले कुठे? आणि वळणावर डुलणाऱ्या, पेट्रोल पिणाऱ्या या गाडीसाठी लोक लाखभर डॉलर का मोजतात? सगळ्यात शेवटी तुम्ही हळूच विचारलंय की आपणही एखादी घ्यावी का.

मला वाटतं खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. पण हॉर्सपॉवरचा गुंता सुटल्याशिवाय त्याला नीट उत्तर देता येणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मी मिशिगनमध्येच जुन्या अमेरिकन गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करतो, मुख्यतः इंजिन आणि ब्रेकचं. म्हणजे या गाड्या मला लिलावाच्या मंचावरून कमी आणि खालून जास्त दिसतात. घ्यावी की नाही, हे बरंचसं तुमच्या परिस्थितीवर ठरेल: गॅरेज आहे का, हात काळे करायची तयारी आहे का, आणि गाडी चालवायला हवीय की झाकून ठेवायला. ते तुम्हालाच ठाऊक.

तर हॉर्सपॉवर. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या जो आकडा छापायच्या, तो टेस्ट बेंचवर ठेवलेल्या उघड्या इंजिनाचा असायचा. त्याला फॅन नाही, अल्टरनेटर नाही, एअर क्लीनर नाही, सायलेन्सर तर नाहीच. ठिणगी पडायचं टायमिंगही त्या चाचणीपुरतं उत्तम लावलेलं. याला ग्रॉस आकडा म्हणतात. १९७२ पासून नेट आकडा छापणं सुरू झालं, म्हणजे गाडीत बसवल्यावर सगळा लवाजमा अंगावर घेऊन इंजिन जे देतं ते. १९७१ हे मधलं वर्ष फार उपयोगाचं, कारण तेव्हा काही इंजिनांचे दोन्ही आकडे सांगितले गेले. क्रायसलरचं ४२६ हेमी घ्या (असा आकडा म्हणजे इंजिनाचा घनइंचातला आकार). ग्रॉस ४२५, नेट ३५०. इंजिन तेच, फक्त मोजायची रीत बदलली. तुमच्या कॅम्रीचे ३०१ नेट आहेत, शेव्हेलचे ४५० ग्रॉस. ही तुलनाच मुळात बरोबर नाही.

कागदावर विश्वास नसेल तर पाव मैलाच्या शर्यतीचा आकडा बघा. त्या पट्ट्याच्या शेवटी गाडीचा वेग किती, यावरून इंजिनाची ताकद बऱ्यापैकी कळते. आम्ही वापरतो तो ठोकताळा सोपा आहे. शेवटच्या वेगाला २३४ ने भागायचं, आलेल्या उत्तराचा घन करायचा आणि त्याला गाडीच्या ड्रायव्हरसकट वजनाने, पौंडांत, गुणायचं. १९७० सालच्या मासिकांच्या चाचण्यांत ही शेव्हेल, एलएस६ हे तेच ४५० चं इंजिन असलेली, पाव मैल साडेतेरा सेकंदांच्या आसपास आणि १०५ ते १०८ मैलांच्या वेगाने संपवत होती. वजन ४,००० पौंड आणि वेग १०६ धरा. उत्तर येतं ३७२. कॅम्रीचं असंच गणित केलंत तर तीनशेच्या जवळ येईल. म्हणजे दीडशेतले निम्मे हॉर्सपॉवर मुळात अस्तित्वातच नव्हते.

उरलेले सत्तर खरे आहेत, पण साठ मैलांपर्यंत ते टायरमधून जमिनीत उतरत नाहीत. मूळ टायर एफ७०-१४, बायस या जुन्या, आडव्या-तिरप्या धाग्यांच्या बांधणीचे, कडक रबराचे. त्यावर ६८० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सोडणं म्हणजे पहिलवानाला तेल सांडलेल्या फरशीवर कुस्तीला उभं करणं. रेस जास्त दिली की चाकं जागच्या जागी फिरतात, धूर निघतो, बघणारे टाळ्या वाजवतात आणि कॅम्री पुढे निघून जाते. म्हणून साठपर्यंत दोघी बरोबरीत दिसतात. साठच्या पुढे चाकं पकडलेली असतात आणि तिथून शेव्हेल सुटते ती सुटतेच. पाव मैल संपताना कॅम्री अजून मागे असते, चौदा सेकंद उलटल्यावर ती पोचते. शून्य ते साठ हे माप या गाड्यांवर अन्याय करणारं आहे.

जुने आकडे वाचताना आणखी एक सावधगिरी ठेवा. कंपन्या आकडे फुगवायच्या तसे दाबायच्याही. फोर्डच्या ४२८ कोब्रा जेटवर ३३५ लिहिलं होतं आणि ते कुणालाच खरं वाटत नव्हतं. शेव्हीच्या ॲल्युमिनिअमच्या झेडएल१ वर ४३०, प्रत्यक्षात पाचशेच्या वर. ड्रॅग रेसिंगचे वर्ग वजन आणि हॉर्सपॉवरच्या गुणोत्तरावर ठरायचे, त्यामुळे कमी आकडा सांगितला की सोपा वर्ग मिळायचा. शिवाय विमा कंपन्यांनी जास्त ताकदीच्या गाड्यांचे हप्ते वाढवायला सुरुवात केली होती. आणि मासिकांतल्या चाचण्यांबद्दल म्हणाल, तर १९६४ मध्ये एका नावाजलेल्या मासिकात पाँटियॅक जीटीओने पाव मैल १३.१ सेकंदांत मारल्याचं छापून आलं. ती गाडी मासिकाला देणारे जाहिरातकार जिम वँगर्स यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगून टाकलं की तिच्यात ३८९ ऐवजी ४२१ घनइंचाचं इंजिन बसवलेलं होतं! त्यामुळे एखादा जुना आकडा फारच सुंदर दिसला की मी आधी विचारतो, गाडी कुणी दिली होती.

जीटीओचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जाऊ, कारण या गाड्यांचा स्वभाव तिथे ठरला. आपल्याकडे जुनी अमेरिकन गाडी म्हटलं की इम्पाला आठवते, नाहीतर कुर्ल्याला प्रीमियरने जोडलेल्या डॉज आणि प्लिमथ. त्या ऐसपैस घरगुती गाड्या. मसल कार त्याहून एक माप लहान असते: मध्यम आकाराची, दोन दारांची, स्वस्त गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन. जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पण त्यांच्याच पाँटियॅक विभागाच्या ३२६ आणि ३८९ या दोन इंजिनांची बाहेरची मापं सारखीच होती. एक निघालं त्या जागी दुसरं सहज बसतं, हे तिथले मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांच्या लक्षात आलं. मग त्यांनी जीटीओ ही स्वतंत्र गाडी न म्हणता टेंपेस्ट या मध्यम गाडीवरचं सुमारे तीनशे डॉलरचं ऑप्शन पॅकेज म्हणून विकली, म्हणजे वरच्या समितीकडे जायलाच नको. अपेक्षा ५,००० ची होती, पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या. नियमातल्या फटीतून जन्मलेली गाडी आहे ही. तिची चेसी, ब्रेक आणि स्टिअरिंग हे सगळं मुळात साध्या घरगुती गाडीसाठी आखलेलं होतं, हे लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

आता मजेबद्दल. ती नेमकी कुठे आहे? माझं ठाम मत आहे की ती तीस ते सत्तर मैलांच्या मधे आहे. सिग्नलवरून सुटताना नाही आणि शंभराच्या पुढे तर अजिबात नाही.

१९७० च्या ब्यूक जीएस ४५५ स्टेज १ चं उदाहरण घेतो, कारण ही गाडी लोकांच्या नजरेतून निसटते आणि मला फार आवडते. हॉर्सपॉवर ३६० च लिहिलेत. पण टॉर्क ५१० पौंड-फूट, म्हणजे ६९० न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि तो २,८०० आरपीएमलाच मिळतो. तुमच्या कॅम्रीचा टॉर्क याच्या जवळपास निम्मा आणि तो पूर्ण मिळायला इंजिन ४,७०० पर्यंत फिरवावं लागतं. कॅम्रीमध्ये तुम्ही पाय दाबता, गिअरबॉक्स क्षणभर विचार करतो, दोन-तीन गिअर खाली येतो, इंजिन ओरडतं आणि मग गाडी पळते. ब्यूक तिसऱ्या गिअरमध्ये ३५ मैलांनी आरामात चाललेली असते. पाय दाबला की मधे काहीच होत नाही, गाडी सरळ ढकलली जाते. आपल्याकडचा मेकॅनिक ज्याला पिकअप म्हणतो तो हा, आणि तो भरपूर आहे.

त्यात त्या क्वाड्राजेट कार्ब्युरेटरची गंमत. त्याचे पुढचे दोन गळे बारीक, सव्वा इंचाच्या थोडे वर, आणि मागचे दोन सव्वादोन इंचाचे. हळू चालवताना फक्त पुढचे चालतात, गाडी शांत असते. पाय अर्ध्याच्या बराच पुढे गेला की मागचे गळे उघडतात आणि बॉनेटखालून हवा ओढल्याचा एक खोल, घोगरा आवाज येतो, सायलेन्सरच्या आवाजापेक्षा अगदी वेगळा. पहिल्यांदा बसलेला माणूस हमखास माझ्याकडे वळून बघतो. इंजिनात काही मोडलं का, असा त्याचा चेहरा असतो.

आवाजाचंही कारण यांत्रिकच आहे. या व्ही८ मध्ये शेव्ही आणि क्रायसलरचा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा. विषम सिलिंडर डावीकडे, सम उजवीकडे. क्रम बोटांवर मोजून बघा: ८ आणि ४ लागोपाठ उजवीकडे पेटतात, ५ आणि ७ लागोपाठ डावीकडे. प्रत्येक बाजूच्या पाइपात ठोके समान अंतराने येत नाहीत, दोन जवळ आणि मग खंड. तोच तो गुडगुडणारा आवाज. मोठा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, असेल तर आयडलला इंजिन लंगडतं, सगळी गाडी हलते. ऐकायला छान, पण त्याच कॅममुळे आयडलला पॉवर ब्रेकला लागणारा इंजिनाचा व्हॅक्यूम कमी पडतो आणि ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं. आमच्याकडे ब्रेक लागत नाहीत म्हणून आलेल्या कित्येक गाड्यांत ब्रेक ठणठणीत असतात, दोष कुणीतरी हौसेने बसवलेल्या कॅमचा असतो.

ब्रेकवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लोक इंजिनावर वीस हजार डॉलर घालतात आणि ब्रेकवर काहीच नाही. यातल्या पुष्कळ गाड्यांना चारी चाकांना ड्रम ब्रेक होते, पुढचे डिस्क हा जास्तीचे पैसे देऊन घ्यायचा ऑप्शन. सत्तर मैलांवरून एकदा जोरात थांबाल, काही वाटणार नाही. लगेच दुसऱ्यांदा थांबायला गेलात की ड्रम तापलेले असतात, पेडल तिथेच पण गाडी थांबायला तयार नाही. आणि तुमच्या पुढे आजची एबीएसवाली मिनीव्हॅन असते, जी तुमच्यापेक्षा फार कमी अंतरात थांबते. त्यामुळे अंतर दुप्पट ठेवायचं, यावर वाद नाही. १९६६ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब चाकांकडे पाठवणारा पंप, एकाच सर्किटचा होता. एक नळी फुटली की चारी चाकांचे ब्रेक गेले. अशी गाडी घेतलीत तर पहिला खर्च दोन सर्किटच्या मास्टर सिलिंडरचा करा. मूळपणा गेला म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

मागचा ॲक्सल हा दुसरा नमुना. पाट्यांच्या सस्पेन्शनवर जोरात क्लच सोडला की पाटे इंग्रजी एससारखे पिळले जातात, सुटतात, परत पिळले जातात आणि मागची चाकं जमिनीवर आपटायला लागतात. १९६७ च्या कॅमॅरोला एकच पाटा होता, तिथे हे फार व्हायचं. १९६८ ला एक शॉक ॲब्सॉर्बर ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे लावून त्यांनी ते आवरलं. या गाडीचा क्लच आपटायचा नाही. दीड-दोन हजार आरपीएमवर सोडायचा, चाकं पकडली असं पार्श्वभागाला कळलं की मग रेस वाढवायची. हे जमायला वेळ लागतो आणि जमलं की कॅम्रीत कधी न मिळालेलं समाधान मिळतं. माझ्या मते लोक पैसे मोजतात ते यासाठी. निदान मी ओळखतो ते मोजतात.

लिलाववाले लोक वेगळे. २०१४ मध्ये सिएटलच्या मेकम लिलावात १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली. त्या फक्त ११ बनल्या होत्या. ही किंमत दुर्मीळपणाची आहे, तिचा चालवण्याशी संबंध नाही. आणि गाड्या दुर्मीळ झाल्या त्या काळाच्या रेट्यामुळे: १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा, विम्याचे हप्ते, १९७१ ला जनरल मोटर्सने उतरवलेला कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) आणि १९७३ च्या ऑक्टोबरातली तेलबंदी.

इथपर्यंतचा हिशेब असा: तुमची कॅम्री सिग्नलपासून साठ मैलांपर्यंत कमी नाही, वळणावर आणि थांबण्यात तर सरळ सरस आहे. मसल कारकडे कमी आरपीएमचा प्रचंड टॉर्क आहे आणि तो हाताळायचं काम ती तुमच्यावर सोडते. हे काम कटकट वाटणार असेल तर घेऊ नका, पैसे वाचवा.

घेणारच असाल तर पहिली गाडी म्हणून एलएस६ शेव्हेल किंवा हेमी शोधू नका. एलएस६ च्या ११ च्या पुढच्या कॉम्प्रेशनला त्या काळचं शिसं घातलेलं, आरओएन पद्धतीच्या शंभर ऑक्टेनचं पेट्रोल हवं असायचं. आज पंपावर ९३ लिहिलेलं असतं ते वेगळ्या पद्धतीने मोजलेलं, आरओएनमध्ये साधारण ९७-९८. म्हणजे टायमिंग मागे घ्या, नाहीतर नॉकिंग, म्हणजे इंजिनातली खडखड, ऐका. शिवाय इतकी महाग गाडी तुम्ही पावसात नेणार नाही, मुलांना बसवणार नाही, दारावर ओरखडा आला तर जेवण जाणार नाही. १९६८ ते ७० ची ३८३ इंजिनाची प्लिमथ रोड रनर बघा. नवी असताना ती २,८९६ डॉलरची होती, कारण बाकी सगळं काढून पैसा इंजिनात घातला होता, आणि तो साधेपणा आजही सोयीचा पडतो. ४०० इंजिनाची जीटीओ बघा. आणि माझी खास शिफारस म्हणजे ३४० इंजिनाची डार्ट किंवा डस्टर. इंजिन लहान, नाक हलकं, त्यामुळे वळतेही, जे या जमातीत फारसं घडत नाही. सुट्या भागांचा विचार केलात तर मात्र मस्टँग, कॅमॅरो आणि शेव्हेलला तोड नाही, पत्र्याच्या तुकड्यापासून डॅशबोर्डपर्यंत सगळं नवीन बनवलेलं मिळतं. ब्यूक आणि ओल्ड्समोबिलच्या बारीकसारीक पट्ट्यांसाठी तुम्ही महिने घालवाल.

मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो, म्हणजे चाक एकदा फिरताना शाफ्ट किती वेळा फिरतो ते, विचारायला विसरू नका. ४.१० लिहिलं असेल तर ऐकायला भारी वाटतं, पण ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिन हळू फिरू देणारा वरचा गिअर, नसलेल्या गाडीत ७० मैलांना इंजिन ३,७०० वर किंचाळत असतं. ॲन आर्बरपर्यंत जाऊन आलात की डोकं दुखेल. ३.२३ किंवा ३.५५ पुरे.

नकली गाड्यांचं पेव फुटलेलं आहे. १९६४ आणि ६५ च्या जीटीओच्या व्हीआयएन, म्हणजे गाडीच्या ओळख नंबरवरून ती जीटीओ आहे हे कळत नाही, कारण ते पॅकेज होतं. १९६६ ते ७१ मध्ये नंबर २४२ ने सुरू झाला की जीटीओ. १९७० च्या शेव्हेलचा नंबर एसएस आहे का हे सांगत नाही, तिथे कारखान्याचा बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवलं त्याचा कागद, नसेल तर तिला एसएसची किंमत द्यायची नाही. पाँटियॅकची जुनी कारखान्याची नोंद पीएचएस (पाँटियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) कडून मिळते, १९६७ पासूनच्या फोर्डची मार्टी रिपोर्टमधून. विकणारा म्हणाला की कागद हरवलेत, तर तुम्हाला साधी गाडी साध्या किमतीत मिळतेय असं समजा. त्यात वाईट काही नाही.

गंज बघताना चमकणाऱ्या रंगाकडे लक्ष देऊ नका. व्हिनाइलचं छत असेल तर मागच्या काचेच्या कडेला बोटाने दाबून बघा, तिथे पाणी साठतं. डिकीतला गालिचा उचला. मागच्या चाकांवरच्या पत्र्याला कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक लावा, चिकटलं नाही तर खाली पुट्टी आहे. मस्टँगमध्ये विंडशील्डच्या खालच्या जाळीत बाटलीभर पाणी ओता आणि आत पायाशी ओलं होतंय का बघा. मिशिगनची गाडी असेल तर हिवाळ्यातल्या रस्त्यावरच्या मिठामुळे हे सगळं दुप्पट काळजीने. ॲरिझोनाच्या गाडीचा पत्रा चांगला असतो, सीट आणि डॅशबोर्ड तडकलेले असतात. सीट बदलणं केव्हाही स्वस्त.

ऑइल कोणतं घालता, हेही विकणाऱ्याला विचारा. जुन्या सपाट टॅपेटच्या (कॅमवर घासत चालणाऱ्या बुडाच्या) कॅमला झिंकयुक्त ऑइल लागतं, आजच्या साध्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. मालकाला हा प्रश्नच समजला नाही, तर व्हॉल्व्ह कव्हर काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि फोन करतानाच सांगून ठेवा की इंजिन गार असताना सुरू झालेलं बघायचंय. तुम्ही पोचलात आणि बॉनेट हाताला गरम लागलं, तर चहापाण्यालाही न थांबता दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या.